तुमचं वळण रिकामं आहे

मामा,

परवा तुमचं तेरावं झालं. काल पाहुणे अमळनेरच्या बसने परत गेले आणि संध्याकाळी भरतभाईंच्या गॅरेजमध्ये बैठक बसली. विषय एकच होता. जुन्या मोटारसायकलींची आपली जानेवारीतली शर्यत यंदा लावायची, की कायमची बंद करायची. काय ठरलं ते तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं. पण एकदम सांगवत नाही. आधी थोडं इकडचं तिकडचं बोलू द्या.

दहावी झाल्यावर तुम्ही मला न्यायला गावी आलात तो दिवस आठवतो. आई म्हणत होती, सिल्वासा म्हणजे नुसत्या कंपन्या, तिकडे पोरीला कशाला. तुम्ही ओट्यावर बसून पायातला काटा काढत होतात. मान वर न करता म्हणालात, "कंपन्या काय पोरी खातात का, ताई? माझ्या गाडीवर बसून कॉलेजात जाईल ती." आपल्या घरात तोवर कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आईने माझी पिशवी भरायला घेतली. मला आज वाटतं, तिला कॉलेज कळलं नव्हतं, पण भाऊ स्वतःच्या गाडीवर बसवून नेणार आहे एवढं कळलं होतं.

ती गाडी! साडेतीनशे सीसीची, दोन सिलिंडरची जुनी टू-स्ट्रोक, लाल टाकी, मागे निळा धूर. धाग्याच्या कंपनीतली तुमची मेंटेनन्सची ड्युटी सुटली की तुम्ही मला घ्यायला कॉलेजच्या फाटकाशी यायचात. माझ्या ओढणीला जळक्या ऑइलचा वास कायमचा बसला. वर्गातली एक मुलगी म्हणाली, "तुझ्या घरी पावडर नाही का गं, डायरेक्ट ऑइलच लावता?" मी रडत घरी आले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तिले सांग, हा वास विकत मिळत नई." दुसऱ्या दिवशी मी खरंच तसं सांगितलं. वर्ग हसला, पण मला त्यानंतर त्या वासाची लाज वाटली नाही.

तुम्हाला शर्यतीचं वेड कुठून लागलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं की म्हणायचात, "कुठून म्हणजे? कानातून." गाव सोडून आलेले सगळे लोक सुट्टीच्या दिवशी झोपायचे, बाजारात जायचे. तुम्ही, भरतभाई आणि सावे सर गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढून मोबाईल टूलबॉक्सला टेकवायचात आणि समुद्रापलीकडच्या त्या शर्यती बघायचात. गावागावांतून, दगडी भिंतींना चाटून, लोकांच्या अंगणासमोरून जाणाऱ्या जुन्या गाड्या. बंदिस्त ट्रॅकच्या शर्यती तुम्हाला चालत नसत. "ट्रॅकवर चुकला तर वाळू राहते," तुम्ही म्हणायचात. "रस्त्यावर चुकला तर कोणाचं तरी घर राहतं. म्हणून रस्त्यावरचा माणूस मान देऊन चालवतो."

बोलणारा इंग्रजीत बोलायचा, म्हणून मला स्टुलावर बसवलं जाई. मी एफ.वाय.ला होते. सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे बघायचं आणि मी सांगायचं.

"काय म्हणतो तो?"

"पुढचा जो होता ना मामा, तो रिटायर झाला म्हणतो."

तुमच्या हातातला पाना हातातच राहिला. "रिटायर? एवढा जवान माणूस? अन् शर्यत चालू असताना?"

"घरात काय तरी झालं असेल नी बिचाऱ्याच्या," भरतभाई म्हणाले.

सावे सर शाळेत विज्ञान शिकवायचे, पण त्यांनाही शंका आली नाही. त्यांनी विचारलं, "पेन्शन बसते का हो यांना?"

गाडी बिघडून माणूस शर्यतीतून बाहेर पडला की असं म्हणतात, हे आपल्याला पुढे कधीतरी कळलं. तोवर आपण किती धडधाकट माणसांबद्दल हळहळलो. पण माझं इंग्रजी त्या स्टुलावर सुटलं, मामा. नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं, इतकं भराभर इंग्रजी कुठे शिकलीस. मी सांगितलं, गॅरेजमध्ये. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

मग आपली स्वतःची शर्यत. खडोलीच्या पुढे, सुरंगीच्या अंगाला, कारखान्यांसाठी रस्ते आधी झाले आणि कारखाने यायला बरीच वर्षं लागली. डांबराचा एक लांबट फेरा, मध्ये कमरेएवढं गवत, कडेला ताडाची झाडं. तुम्हा तिघांना तो रस्ता दिसला आणि तुम्ही वेडे झालात. परवानगीचे अर्ज मी लिहायचे. भाताच्या पेंढ्यांचे भारे किलवणीहून यायचे. वापी, वलसाड, नाशिकहून टेम्पोत घालून जुन्या गाड्या यायच्या, त्यांच्याबरोबर पोट सुटलेली, गुडघे गेलेली माणसं यायची आणि कातडी जाकिटं अंगात शिरेनात म्हणून एकमेकांना मागून ओढायची. उतारावर आसपासच्या पाड्यांतली माणसं शेंगा खात बसायची. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा असायचा. मामीकडे तसे डबे आहेत, पण तुम्ही जिंकलेला एकही नाही. ते सगळे डबे उरलेले.

आणि वळणांचा तो नियम. दुसरीकडे कुठे असा असेल असं मला वाटत नाही. जो माणूस ज्या वळणावर पडला, ते वळण त्याचं. त्याचंच नाव त्याला लागायचं. पुढच्या वर्षीपासून त्याने सकाळी येऊन ते खराट्याने झाडायचं, खडा न खडा वेचायचा, पेंढा रचायचा आणि शर्यतभर पिवळी झेंडी घेऊन तिथे उभं राहायचं. कारण तिथला धोका त्याच्याइतका कोणाला कळणार? प्रत्येक वळणावरून झेंडी वर झाल्याशिवाय शर्यत सुटायची नाही. सावे सर रस्त्याखालच्या मोरीत पडले म्हणून ती सरांची मोरी. भरतभाई पहिल्याच वळणावर, सगळ्यांच्या देखत, आडवे झाले. ते अजून म्हणतात, "मी पडलो नव्हतो, गाडी झोपली होती." आणि उतारावरचं डावं वळण तुमचं.

तुम्ही पडलात तेव्हा मी पलीकडच्या बांधावर उभी होते. आवाज थांबला, एवढंच कळलं. तुमचा गुडघा त्यानंतर पुरता वाकला नाही आणि तुम्ही पुन्हा शर्यतीत उतरला नाहीत. मामीने तुमच्या तडकलेल्या हेल्मेटात लसूण भरून ते स्वयंपाकघरात टांगलं. "आता तरी ते कामाला आलं," म्हणाली. तुम्ही हसलात. पण पुढच्या जानेवारीत अंधार फिटायच्या आत खराटा घेऊन निघालात, तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी गावाकडे जमीन खरेदी करून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. परक्या प्रदेशात तुमच्या नावाची तेवढीच एक जागा होती.

मग कारखाने आले. याला कोणाचा काय इलाज? त्यांच्यासाठीच तर रस्ता होता. सरांच्या मोरीसमोर गोदामाचं फाटक झालं. सरळ रस्त्यावर गतिरोधक बसले. रविवारीही शिफ्टच्या बसगाड्या धावू लागल्या. आपली शर्यत आधी दिवसाची होती, ती सकाळपुरती झाली, मग तीन फेऱ्यांची. टेम्पोंची संख्या घटली. कोणाला पिस्टन मिळेना, कोणाला मुलांनी गाडी विकायला लावली, कोणी वारलं. नवी पोरं यायची, गाड्यांशेजारी उभं राहून फोटो काढायची आणि इंजिन चालू झालं की नाकाला रुमाल लावायची. नवीन कोणी गाडी चालवेना, म्हणून नवीन कोणी पडेना. वळणं सगळी म्हाताऱ्यांच्या नावावर राहिली.

तेव्हापासून आपलं भांडण. मी म्हणत होते, संस्था नोंदवू या, विमा काढू या, वळणांवर तरुण पोरांना प्रशिक्षण देऊन उभं करू या. बॅटरीच्या गाड्यांचीही एक फेरी ठेवू या, म्हणजे पोरं येतील.

"बॅटरीवाली?" तुम्ही म्हणालात. "मग लोकांनी रस्त्यावर उभं राहून काय ऐकायचं? मिक्सर?"

"मामा, हसण्यावारी नेऊ नका. बदललं नाही तर काहीच राहणार नाही."

"अन् बदललं तर राहिलेलं आपलं राहील का?" तुम्ही प्लगला पॉलिश पेपर घासत होतात. "वळण म्हणजे ड्युटी नई. पगारी माणूस आठ तासांनी सुटतो. तू शिकली म्हणून तुले सगळं कागदावर पाहिजे."

ते शेवटचं वाक्य मला लागलं. मी म्हणाले, शिकवलंत तुम्हीच. तुम्ही पेपर घासायचे थांबलात आणि इतकंच म्हणालात, "हो ना. म्हणूनच तर तुझ्याशी भांडतो. बाकीच्यांशी कुठे भांडतो मी?" त्या वेळी मला ते उत्तर चुकवणं वाटलं. आज वाटतं, माझ्या डिग्रीचा एवढा मान दुसऱ्या कोणी केला नसेल. पण भांडण तिथेच अर्धवट राहिलं. कोण बरोबर होतं ते आपण ठरवलंच नाही. तिकडे समुद्रापलीकडेही म्हणे हेच चालू आहे. विमा परवडत नाही, लोक रस्ते बंद करू देत नाहीत, गाड्यांइतकेच चालवणारे जुने झाले आहेत. ती बातमी मी तुम्हाला वाचून दाखवली तेव्हा तुम्ही म्हणालात, "चला, म्हणजे आपण एकटे नई." मला धीर वाटायला हवा होता. मला उलट वाटलं. तिथे टिकत नाही तर इथे कुठलं टिकतंय.

हॉस्पिटलमधल्या त्या दुपारी मामी तुमच्या उशाशी होती आणि मी पायाशी. तुम्ही तोंडावरचा मास्क बाजूला केलात. मामी ओरडली, "लावा तो आधी!" तुम्ही तिला हाताने थांबवलंत आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "जानेवारीत शर्यत लावा. मी नसलो तरी लावा." मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मी तुमच्या पायावरची चादर नीट केली, ती नीटच होती. तुम्हाला ते दिसलं का? हे मला रोज टोचतं. हो म्हणायला काय लागत होतं?

आता तुम्ही गेल्यावर काय झालं ते सांगते. दहाव्याच्या आदल्या दिवशी. तुमची गाडी, जानेवारीत तिच्यावर बसून वळणावर जायचं म्हणून, भरतभाईंकडे कामाला होती, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी रात्रंदिवस बसून ती पुरी केली. आम्हाला सुतकात तिची चौकशी करायला लागू नये, असा त्यांचा चांगला विचार. टेम्पोत घालून आणता आली असती. पण तयार इंजिनाची गाडी मेलेल्यासारखी उचलून मालकाच्या दारात आणायची, हे त्यांच्याच्याने होईना. म्हणून ते ती चालवत आले.

मामी आतल्या खोलीत बायकांमध्ये भिंतीला टेकून बसली होती. शेजारणी चहा-जेवण आणून देत होत्या, तिने इतक्या दिवसांत स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी आवाज आला. दुसऱ्या गिअरमधला, कोपऱ्यावर थोडा दबणारा, तुमचा आवाज. मामी उठली. आत गेली, गॅस पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं. दोन कप काढले. गाडी दाराशी येऊन बंद झाली तेव्हा ती आतून म्हणाली, "आज लवकर सुटली का ड्युटी?"

मी दारात होते. भरतभाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना कळलं आपण काय केलं ते. एवढा मोठा माणूस, गाडीचं हँडल धरून पोरासारखा हुंदके देऊ लागला. "बेन, मी काय केलं? मला डोकंच नाय. मी ढकलत आणायला पाहिजे होती."

मामी बाहेर आली. गाडीकडे पाहिलं. मग भरतभाईंकडे. मग पुन्हा आत गेली आणि काढलेले ते दोन्ही कप भरून आणले. एक त्यांना दिला. म्हणाली, "प्या भाऊ. झाला आहे आता तर." दुसरा तिने पायरीवर ठेवला. तो कोणी उचलला नाही. सावे सर आले तेव्हा चहावर साय धरली होती.

काल बैठकीला निघताना मी मामीला सांगितलं, शर्यतीचं ठरवायचं आहे. तिने विचारलं, "अन् त्यांच्या वळणाचं?"

मी म्हटलं, "तेच अडलंय. झेंडी वर झाल्याशिवाय शर्यत सुटत नाही, आणि वळण दुसऱ्याला असं देता येत नाही."

"मग कसं मिळतं ते?"

"तिथे पडावं लागतं, मामी. तुला माहीत आहे."

ती परातीत पीठ घेत होती. थांबली. "म्हणजे तुमची शर्यत चालायची तर तिथे कोणी तरी पडायला पाहिजे," ती म्हणाली. "अन् त्याची बायको कुठे तरी भिंतीला टेकून बसायला पाहिजे." पाणी घातलं आणि पीठ मळायला लागली.

गॅरेजमध्ये सगळे आले होते. सगळे म्हणजे किती थोडे, तुम्ही असतात तर तुम्हालाच वाईट वाटलं असतं. सावे सर नियमावर अडून बसले होते. भरतभाई म्हणाले, "बेनला उभी करू नी वळणावर. मामाची भाची आहे."

नाशिकचे ते जाड मिशीवाले म्हणाले, "पण ती पडली कुठेय?"

"मग काय पाडायची तिला?" भरतभाई म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसले. मग ते हसू कोणाला आवरेना आणि कोणाला पुढे नेता येईना, तसंच ते हवेत राहून विरलं.

शेवटी सरांनी हात वर करायला सांगितले. लावायची, या बाजूने काही हात वर झाले. बंद करायची, या बाजूने तेवढेच. सर माझ्याकडे वळले. "तुझा नको," ते म्हणाले. "मामांचा हवा. त्यांचं मत काय असतं ते तुझ्याइतकं कोणाला माहीत? त्यांच्या जागी तू हात वर कर."

मामा, तुमचं मत मला माहीत होतं. त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. तुम्ही मास्क काढून सांगितलं होतं. मी ते चार शब्द बोलायचाच अवकाश होता, भरतभाई तर त्याच क्षणी उठून पेंढ्याची व्यवस्था करायला लागले असते. त्यांचे डोळे तेच मागत होते.

मला तो रस्ता दिसत होता. उतार, डावं वळण, आणि वळण संपतं तिथे आता कारखान्याचं नवं फाटक. सुट्टी झाली की त्यातून बायका डबे घेऊन बाहेर पडतात, आपल्याच खानदेशातल्या. त्यांतली एक मला मागे म्हणाली होती, "ताई, तुमच्या गाड्यांच्या दिवशी आम्ही कोणत्या बाजूने जायचं?" ते वळण मिळवायला तिथे कोणी तरी पडायला हवं, म्हणून तुमच्या गाडीवर बसलेले पासष्टीचे सावे सर मला दिसत होते. आणि पायरीवरचा तो कप दिसत होता.

सरांनी विचारलं, "मामा काय म्हणाले असते? बंद करायची?"

मी हात वर केला.

भरतभाईंनी माझा हात बघितला आणि मान डोलावली. "मामाच असं म्हणतात तर संपलं," ते म्हणाले. त्यांनी विश्वास ठेवला, मामा. सगळ्यांनी ठेवला. तुमच्या शब्दाखातर शर्यत बंद झाली असं आता ते जन्मभर सांगतील, आणि मी त्यांना सांगणार नाही की तुमचा शब्द वेगळा होता.

घरी आले तेव्हा मामी भाकऱ्या करत होती. मी सांगितलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली, फडक्याने तिच्या कडा दाबल्या. मग म्हणाली, "त्यांना सांगितलं का?"

नाही म्हटलं.

"मग सांग," ती म्हणाली. "नाहीतर तयारी करत बसतील ते."